नंबर प्लेट वाचून गेट उघडणारा कॅमेरा: आधी गाडी कुठं थांबणार ते ठरवा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या गेटवर मी पहिल्यांदा हा प्लेट वाचणारा कॅमेरा लावला तेव्हा तो वॉचमनच्या केबिनशेजारच्या खांबावर चढवला, कारण खांब आयता होता आणि तिथपर्यंत वायर आलेली होती. दुपारी टेस्ट केली, मालकांची गाडी दोनदा आतबाहेर केली, गेट झोकात उघडलं, चहा झाला, मी घरी आलो. संध्याकाळी साडेपाचला वॉचमन मामांचा फोन, "नुसतं बघूलालंय हो ते, उघडंना झालंय." जाऊन बघतो तर गेट पश्चिमेकडं तोंड करून, सूर्य थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यात, आणि बाहेर कोल्हापूरकडनं आलेला स्क्रॅपचा ट्रक हॉर्न मारत उभा. चूक माझीच. कॅमेरा चांगला होता, जागा गाढवासारखी निवडलेली.

त्यानंतर बऱ्याच गेटवर काम झालं, कारखाने, गोडाऊन, टिळकवाडीकडची अपार्टमेंटं, उसाच्या वजनकाट्याचे गेट पण, आणि आता कुणी विचारलं की कुठल्या कंपनीचा कॅमेरा घेऊ तर मी उलटा प्रश्न करतो, गाडी कुठं थांबते? ते सांगता आलं तर निम्मं काम झालंच म्हणून समजा. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमानं आहे.

खडूनं रेघ मारा

गेटवर जा, खडू घेऊन जा. बूम बॅरिअरच्या दांड्यापासून गाडीचं नाक किती अंतरावर थांबलं म्हणजे दांडा उघडताना अडचण नाही आणि मागची गाडी रस्त्यावर लटकत नाही ते बघा. बहुतेक ठिकाणी दीड ते दोन मीटर येतं. तिथं आडवी रेघ मारा, नंतर ती पांढऱ्या रंगानं पक्की करा, शक्य असेल तर तिथं छोटा स्पीड ब्रेकर टाका. ब्रेकरनं गाडी आपोआप हळू होते आणि कॅमेऱ्याला सावकाश बघायला मिळतं, हा माझ्या मते अख्ख्या सिस्टीममधला सगळ्यात स्वस्त पार्ट आहे आणि कुणीच कोटेशनमध्ये घालत नाही.

आता पुढची प्लेट वाचायची का मागची? चारचाकी आणि ट्रकला पुढची, कारण गेट उघडायच्या आधी वाचायचंय. पण आपल्याकडं उसाचा ट्रॅक्टर असला की मागची तर सोडाच, दोन ट्रॉल्यांच्या मागं ऊस असा लोंबकळतो की प्लेट दिसायची आशाच नको. टू-व्हीलरचं उलटं, तिची पुढची प्लेट नियमानं २८५ बाय ४५ मिलिमीटरची बारकी पट्टी, ती पण अर्ध्या गाड्यांना नसते किंवा मडगार्डवर वाकडी असते, मागची २०० बाय १०० ची नीट वाचता येते पण ती दिसेपर्यंत गाडी आत गेलेली. म्हणून टू-व्हीलरला माझा सरळ सल्ला, वेगळी लेन आणि साधं कार्ड. एकाच कॅमेऱ्यात सगळं कोंबायला गेलात की दोन्ही बिघडतं.

कॅमेऱ्याची जागा, उंची, आणि थोडं गणित

रेघेपासून पाच-सहा मीटर लांब, गेटच्या आतल्या बाजूला, लेनच्या शक्य तितकं समोर. उंची दीड मीटरच्या आसपास. लोक ऐकत नाहीत, सगळ्यांना कॅमेरा वर पाहिजे, कुणी चोरेल म्हणून. पण बघा, प्लेट जमिनीपासून साधारण अर्धा मीटर असते. कॅमेरा दीड मीटरवर आणि अंतर पाच मीटर असलं तर खालच्या बाजूला ११ अंशाचा कोन होतो, मस्त. तोच कॅमेरा साडेतीन मीटरच्या खांबावर आणि गाडी तीन मीटरवर, तर कोन ४५ अंशाचा, म्हणजे अक्षरं वरून चेपलेली दिसणार. वरून असो की बाजूनं, ३० अंशाच्या आतच ठेवा. आणि कॅमेरा तिरका फिरलेला नको, प्लेट चित्रात आडवी सरळ दिसली पाहिजे, पाच अंशाच्या वर कलली की वाचणं घसरायला लागतं. चोरीची भीती असेल तर लोखंडी पिंजरा करा, ट्रक रिव्हर्स घेताना ठोकतील म्हणून समोर एक भरीव पाईप गाडा. मच्छे गावात एकदा ट्रकनं माझा कॅमेरा स्टँडसकट आडवा केलाय, तेव्हापासून पाईप आधी, कॅमेरा नंतर.

दिशेचं एक बघून घ्या. पूर्व-पश्चिम गेट असेल तर एका वेळेला सूर्य कॅमेऱ्यात येणारच. जमलं तर कॅमेरा लेनच्या दुसऱ्या बाजूला न्या, नाहीतर लांब हूड लावा. सकाळी आठ आणि संध्याकाळी साडेपाच, या दोन वेळांना स्वतः उभं राहून बघा, दुपारच्या टेस्टवर सही करू नका. माझ्यासारखं होईल.

आता लेन्स. साधा नियम असा की पूर्ण चित्राची रुंदी रेघेवर साडेतीन मीटरच असू द्या, म्हणजे एक लेन. टू मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र आडवं १९२० पिक्सेल असतं, ते साडेतीन मीटरवर पसरलं की मीटरला साधारण ५५० पिक्सेल पडतात. गाडीची लांब प्लेट ५०० मिलिमीटर, तिला २७० च्या वर पिक्सेल मिळाले, भरपूर झाले. दोन ओळींची ३४० मिलिमीटरची असली तरी १८० च्या वर मिळतात. मी १५० च्या खाली जाऊ देत नाही. हेच चित्र आठ मीटर रुंद ठेवलंत, "सगळं अंगण पण दिसू दे की" म्हणून, तर लांब प्लेटला १२० येतात आणि दोन ओळींच्या प्लेटला ८०. मग आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा विकायला कुणीतरी तयारच असतो. त्यापेक्षा अंगणाला वेगळा साधा कॅमेरा लावा, तो कसाही लागणारच आहे, का ते पुढं सांगतो.

फोकल लेंथ, म्हणजे लेन्स किती एमएमची लागणार ते, काढायचं तर सेन्सरची रुंदी गुणिले अंतर भागिले चित्राची रुंदी. १/२.८ इंच सेन्सरची रुंदी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, अंतर सहा मीटर, चित्र साडेतीन मीटर, म्हणजे साधारण ९ ते १० एमएम. २.८ ते १२ एमएमची झूम लेन्स असली की बसलं. २.८ एमएमची फिक्स लेन्स मात्र घेऊ नका, तिच्यात प्लेट मुंगीएवढी दिसते.

शटर आणि रात्रीचा उजेड

कॅमेरा आला की त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पहिल्यांदा ऑटो शटर बंद करा. ताशी १० किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला जवळपास पावणेतीन मीटर सरकते. शटर १/५० सेकंदावर असेल तर तेवढ्यात साडेपाच सेंटिमीटर गेली. प्लेटवरच्या अक्षराची रेघच नियमानं १० मिलिमीटर जाड असते, मग सगळी अक्षरं एकमेकांत मिसळणार. १/५०० केलं की तीच सरक साडेपाच मिलिमीटर होते. गाडी सरळ कॅमेऱ्याकडं येत असली तर चित्रातला पुसटपणा त्याहून कमी पडतो, तरी गेटला १/५०० आणि मोकळ्या लेनला १/१००० हे धरून चला. डब्ल्यूडीआर (ऊन आणि सावली दोन्ही नीट दिसावं म्हणून असलेली सोय) बंद करा, त्यात दोन-तीन एक्सपोजर जोडतात, हलणाऱ्या गाडीला भुतासारखी सावली येते. हेडलाईट दाबायचं हायलाईट कॉम्पेन्सेशन असेल तर ते चालू.

रात्री काय होतं? नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन) प्लेटवर रिफ्लेक्टिव्ह फिल्म असते, म्हणजे उजेड जिकडनं येतो तिकडंच परत फेकते. आयआर लाईट (इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारा उजेड) लेन्सच्या अगदी शेजारी असला की प्लेट चमकते आणि बाकी सगळं काळंकुट्ट. हे चित्र बघून मालक घाबरतात, कॅमेरा बिघडला म्हणतात, पण हेच बरोबर चित्र आहे, काळ्या पडद्यावर फक्त नंबर. म्हणूनच शेजारी दुसरा साधा कलर कॅमेरा लागतो, गाडी कुठली, ड्रायव्हर कोण, रंग काय, ते तो दाखवणार. आयआर फार जोरात असेल तर प्लेट पांढरी फट्ट होते, अक्षरंच गायब, मग शटर आणखी वेगवान करा किंवा आयआरची पॉवर कमी करा, गेन (कॅमेरा चित्र आपणहून उजळवतो ते) कमी ठेवा.

जुन्या रंगवलेल्या प्लेटा मात्र चमकत नाहीत. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना एचएसआरपी येतेच, पण त्याच्या आधीच्या कितीतरी अजून पेंटरकडनं रंगवलेल्या फिरतात, ट्रॅक्टर-टेम्पोत तर विचारू नका. अशांसाठी एक पांढरा एलईडी फ्लडलाईट बाजूनं मारावा लागतो, ड्रायव्हरच्या डोळ्यावर न येईल असा.

आपल्या सीमेवरच्या प्लेटांची तऱ्हा

इथं एकाच गेटवर केए २२ बेळगाव, २३ चिकोडी, २४ बैलहोंगल, ४९ गोकाक, एमएच ०९ कोल्हापूर, १० सांगली, ०७ सिंधुदुर्ग, शिवाय गोव्याच्या जीए, सगळं येतं. सॉफ्टवेअर घेताना एकाच राज्याचा फॉरमॅट लॉक केलेलं घेऊ नका. २०२१ पासूनची बीएच (भारत) सिरीज तर उलटी, तिच्यात वर्षाचे दोन आकडे आधी येतात, मग बीएच, मग चार आकडे, शेवटी अक्षरं. कॅम्पात आर्मीच्या गाड्या असतात, मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटरच इथं आहे, त्यांच्या प्लेटवर सुरुवातीला वर तोंड केलेला बाण आणि नंबरचा आराखडाच वेगळा. ती गाडी वॉचमननं बघून सोडायची, सॉफ्टवेअरच्या मागं लागू नका.

रंगांचं पण आहे. पिवळ्यावर काळं आयआरमध्ये सहसा अडत नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या हिरव्या प्लेटवर पांढरी अक्षरं असतात, म्हणजे गडदावर फिकट, ते उलटं असतं, म्हणून एक इलेक्ट्रिक गाडी रात्रीच्या टेस्टमध्ये मुद्दाम आणा.

आणि आपल्या हौशी पोरांचं काय करायचं, २१४ असा काढतात की राम वाचावं, ४१४१ चं दादा, ८०५५ चं बॉस. कुणी कन्नड आकडे रंगवतं, कुणी मराठी. नियमानं इंग्रजी अक्षरं आणि नेहमीचे इंग्रजी आकडेच पाहिजेत, त्यामुळं कॅमेरा वाचत नाही म्हणून कुणी भांडायला आलं तर प्लेट बदल म्हणून सांगायला तुम्हाला आधार आहे. एका अपार्टमेंटात मी कमिटीला हेच सांगितलं, एचएसआरपी असेल तरच यादीत नाव. महिनाभर कुरकूर झाली, मग झालं.

यादी आणि जुळवणी

परवानगीची यादी एक्सेलमध्ये करा, पण नंबर सगळे एकाच पद्धतीनं, मध्ये जागा नाही, डॅश नाही, सगळी कॅपिटल. कुणी मोकळी जागा सोडून टाईप केलं की कॅमेरा बरोबर वाचतो आणि गेट उघडत नाही, आणि तुम्ही दोन तास लेन्स पुसत बसता.

कॅमेरा चुकतो ते ठरलेल्या ठिकाणीच, शून्य आणि ओ, आठ आणि बी, दोन आणि झेड, पाच आणि एस, एक आणि आय. नेहमीच्या प्लेटवर पहिली दोन अक्षरं, मग दोन आकडे, मग सिरीजची अक्षरं, शेवटी आकडे, एवढं सांगून ठेवलं की आकड्याच्या जागेवर बी आला तर तो आठच आहे हे सॉफ्टवेअरला कळतं. सिरीजच्या अक्षरांत आय आणि ओ देतच नाहीत, त्यामुळं तिथला गोंधळ तसाच सुटतो.

एक अक्षर चुकलं तरी गेट उघड, अशी सूट बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. अक्षरांपुरती ती द्या, शेवटच्या चार आकड्यांना कधी देऊ नका. एकाच शोरूममधनं एकाच महिन्यात घेतलेल्या दोन गाड्यांचे नंबर एका आकड्यानं जवळ असतात, एक तुमच्या यादीतली, दुसरी कुणाची तरी.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा की नंबर म्हणजे काही गुपित नाही. कुणीही फोटो काढून प्लेट छापून आणू शकतो. म्हणून एकदा आत गेलेली गाडी बाहेर न येता पुन्हा आत यायला लागली तर गेट बंद आणि वॉचमनला अलार्म, ही अट टाकाच. माल महाग असेल, तांबं-पितळ किंवा तयार कास्टिंग, तर रात्री प्लेट अधिक कार्ड, दोन्ही जुळलं तरच. विंडस्क्रीनवरचा आरएफआयडी टॅग वाचणारा रीडर जोडला तरी चालतो, फास्टॅग त्याच जातीचा, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारा. पाऊस-चिखलाच्या दिवसात तर टॅग कॅमेऱ्याला वाचवतो. खानापूरकडं जून ते सप्टेंबर तांबड्या मातीनं प्लेटचा रंगच बदललेला असतो.

बॅरिअर जोडताना

कॅमेऱ्यातला अलार्म आउटपुट म्हणजे नुसता ड्राय कॉन्टॅक्ट, बारका स्विच. तो बॅरिअरच्या कंट्रोल कार्डवरच्या ओपन आणि कॉमनला जोडा, अर्ध्या ते एका सेकंदाचा पल्स. मोटारीची २३० व्होल्ट लाईन त्या आउटपुटला चुकून पण लावू नका, कॅमेराच जळतो. शंका असेल तर मध्ये वेगळा रिले टाका.

दांड्याखाली लूप (वर गाडी आहे का ते ओळखणारे, जमिनीत पुरलेले वायरचे वेढे) हवाच, तो नसला तर दांडा गाडीवर पडणार. काँक्रीटमध्ये कटरनं साधारण दोन बाय एक मीटरची चौकट, खोली तीन ते पाच सेंटिमीटर, कोपरे तिरके कापलेले म्हणजे वायर कापत नाही, दीड स्क्वेअर एमएमच्या वायरचे चार वेढे, आणि बॅरिअरपर्यंत जाणारी दोन टोकं एकमेकांना घट्ट पिळलेली. पिळलं नाही की लूप विनाकारण गाडी आली म्हणतो. खाली सळईची जाळी वर आलेली असेल तर सेन्सिटिव्हिटी मार खाते.

उसाच्या हंगामात एक धोका आहे तो कुणी सांगत नाही. ट्रॅक्टर गेला, मागं नुसता जोडदांडा, मग पहिली ट्रॉली, परत जोडदांडा, मग दुसरी. मधल्या मोकळ्या जागेत लूपला वाटतं गाडी गेली, आणि दांडा खाली येतो तो थेट पहिल्या ट्रॉलीवर. उंच चासीच्या ट्रकचं पण तसंच. म्हणून लूप मोकळा झाल्यावर किमान चार-पाच सेकंद थांबून मगच बंद व्हायची वेळ ठेवा, सोबत फोटोसेल (मध्ये काही आलं की ओळखणारा प्रकाशाचा सेन्सर) लावा, आणि दोन ट्रॉलीची गाडी आली की ऑटो क्लोज बंद करून मामांनी बटणानंच दांडा पाडायचा. संकेश्वर-निपाणी पट्ट्यात दोन ट्रॉल्या रोजच्याच, हे विसरायला नको.

केबल पीओई (नेटवर्कच्याच वायरीतनं वीज) असेल तर १०० मीटरच्या आत. ऑफिस त्याहून लांब असलं तर मध्ये फायबर घाला. त्याचा आणखी फायदा म्हणजे वळवाच्या पावसात वीज पडली तर ऑफिसातला स्विच वाचतो. गेटकडं अर्थिंग वेगळं, चांगलं, आणि लाईनवर सर्ज प्रोटेक्टर. लाईट गेली की काय, ते पण आधीच ठरवा. कॅमेरा आणि कंट्रोल कार्ड यूपीएसवर, मोटार कधीकधी नाही झेपत, म्हणून बॅरिअरची हातानं सोडायची चावी वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली असावी. मालकाच्या ड्रॉवरमध्ये नव्हे.

वेळ एनटीपीनं, म्हणजे नेटवर्कवरनं घड्याळ आपोआप जुळवणाऱ्या सोयीनं, जोडून घ्या. घड्याळ मागंपुढं झालेलं असलं की रजिस्टरला काही अर्थ उरत नाही, आणि चोरी झाल्यावरच ते कळतं.

चालू करायच्या आधी

एका वहीत शंभर गाड्यांची नोंद करा, प्रत्येकीचा खरा नंबर हातानं आणि कॅमेऱ्याचा शेजारी. सकाळी, दुपारी, रात्री, आणि जमलं तर एकदा पावसात. चुकलेल्या ओळींपुढं कारण लिहा, माती, ऊन, वाकडी प्लेट, गाडी रेघेच्या पुढं थांबली. ते वाचून कळतं की दुरुस्ती लेन्सची आहे, लाईटची आहे की ड्रायव्हरची. बहुतेक वेळा ड्रायव्हरचीच असते. गेटवर पाटी मराठी-कन्नड दोन्हीत लावा, आणि मामांना "स्वल्प मुंद बर्री" (कन्नडमध्ये, थोडं पुढं या) म्हणायला शिकवायची गरज नाही, ते आधीच म्हणतात.

कॅमेरा नंबर साठवतोय अशी पाटी पण पाहिजेच. गाडीचा नंबर माणसाशी जोडलेला असतो, २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा इथं लागू होतो असं धरूनच चाला. गरजेपुरते दिवस ठेवा, मी सहसा ३० दिवस ठेवतो, मग आपोआप पुसलं जातं. कोण कधी आला-गेला ते बघायचा पासवर्ड कमिटीत दोघांकडंच, अख्ख्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. फॅक्टरीचा आलेला पासवर्ड पहिल्या दिवशीच बदला.

देखभाल फार नाही, दर आठवड्याला काच पुसणं, उन्हाळ्यात कोळ्याची जाळी काढणं (आयआरच्या उजेडाला किडे येतात, किड्यांना खायला कोळी), महिन्यातून एकदा चुकलेल्या नंबरांची यादी बघणं.

आणि खंडेनवमी. पहिल्या वर्षी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सकाळी सगळ्या गाड्या धुऊन, हळद-कुंकू लावून, झेंडूचे एवढाले हार बोनेटवरनं सोडून आल्या आणि प्रत्येक हार नेमका प्लेटवर. कॅमेऱ्यानं एक नंबर वाचला नाही, मामांनी दिवसभर बटण दाबलं, संध्याकाळी फोन करून म्हणाले पूजा झाली आता बंद करू का ते. आता त्या दिवसासाठी मी आधीच मोड बदलून ठेवतो, कॅमेरा नुसता फोटो काढणार, गेट मामांच्या बटणावर. आणि त्या कॅमेऱ्याला पण एक छोटा हार बांधतात, तेवढा लेन्सच्या वर बांधा म्हणून सांगून आलोय.